नाकाचा रकाना

अकरा मुलं, सात टॅब्लेट,
आणि ढग विरळ असले तरच येणारं नेट.
चिलोएच्या या बेटावर आमच्या शाळेला
लाकडाच्या खवल्यांची भिंत आहे.
मुलं म्हणतात, आपण माशाच्या पोटात बसतो.
याला रूपक म्हणतात, मी सांगते.
"नाही बाई, भिंतच तशी आहे," ऐलिन म्हणते.

धडा राजधानीहून येतो. पडद्यावर पाच रकाने:
डोळा, कान, नाक, जीभ, हात.
शब्द बोटानं उचलायचा, रकान्यात सोडायचा.
बरोबर असला की घंटा. चुकला की लाल.

ऐलिननं 'धुकं' उचललं, जिभेवर ठेवलं.
लाल.
पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल.
"पण पहाटे मेंढ्या सोडताना मी तोंड उघडं ठेवते.
खारट लागतं बाई, खरंच."
मी खिडकीतून पाहिलं. समुद्र पन्नास पावलांवर.
कुणी केला असेल हा धडा,
कुठल्या कोरड्या खोलीत बसून?

मग उपमेचा खेळ.
शांतता कशासारखी? कापूस, दगड, की बर्फ?
एलादिओनं तिन्ही सोडून टाईप केलं:
वीज गेल्यावर फ्रीज गुरगुरायचा थांबतो आणि
तेव्हा कळतं की तो इतका वेळ गुरगुरत होता, तशी.
टॅब्लेट म्हणाला, कृपया एकच शब्द लिहा.

इसायास रेमोल्कोय नाकाचा रकाना
तीन आठवडे रिकामा ठेवतो आहे.
त्याचा बाप सॅमनच्या कारखान्यात आतडी काढतो.
बाकावर मुलं त्याच्यापासून वीतभर सरकून बसतात.
मला दिसतं. मी न दिसल्यासारखं करते.
तेही शिकवणंच असतं, मुलं तेही शिकतात.

घरचा अभ्यास दिला: घरातला एक आवाज आणा,
तीस सेकंद, टॅब्लेटवर टिपून.
कुणी चुलीतलं ओलं लाकूड आणलं, तडतडणारं,
कुणी बहिणीचं घोरणं,
कुणी पत्र्यावरच्या गारा. त्यात कुत्राही होता.
इसायास सगळ्यांत शेवटी उठला.
आपला आवाज त्यानं बोटानं उचलला,
कानावरून पुढं नेला
आणि नाकात सोडला.
लाल.
त्यानं तो परत घेतला नाही.

मी बटण दाबलं.
एक बूट. मग दुसरा, दाराबाहेरच्या फळीवर.
बादली. पाणी. ब्रश, खरखर खरखर,
नखांपाशी थांबून पुन्हा खरखर,
साबण निसटला, सापडला, खरखर.
तीस सेकंद इतके लांब असतात
हे मला माहीत नव्हतं.
मग दारापलीकडून एका माणसाचा आवाज,
स्वतःच्याच घराला विचारणारा:
"येऊ का आत?"
तिथं संपतं.

कुणी हसलं नाही.
ऐलिन बाकावर थोडी त्याच्याकडे सरकली,
की मला तसं वाटलं, कोण जाणे.
एका इंद्रियाचं दुसऱ्याला देणं,
याला अलंकारात काहीतरी नाव आहे.
मी फळ्याकडे वळले, खडू घेतला,
नाव आठवेना. खडू परत ठेवला.

"बाई," एलादिओ म्हणाला, तो व्यवहारी आहे,
"हा कानात टाकल्याशिवाय पुढचा धडा उघडणार नाही."
इसायास माझ्याकडे बघत होता.
पडदा लाल. त्याची हनुवटी लाल.
राहू दे, मी म्हटलं.
आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं:
राहू दे तिथंच.

शुक्रवारी ढग विरळ झाले,
अहवाल आपोआप गेला:
इयत्ता पाचवी. धडा चौथा. अपूर्ण.