शक्यतोवर

तो शब्द मीच घातला.
एकोणीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

डुलूथमधलं मोटेल, खोली नंबर नऊ.
सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालत होता
आणि पहाटेचे तीन वाजून गेले होते.
टेबलाच्या अलीकडे आम्ही चौघं, कॉफीने जिभा पोळलेले,
पलीकडे शिक्षण मंडळाचा वकील,
दर कलमाला एक चीज बिस्किट खायचा
आणि चुरा आमच्याच कागदावर सांडायचा.

संपाचा अकरावा दिवस.
सकाळ झाली की पुन्हा बर्फात फलक धरून उभं राहायचं,
लोर्ना सेप्पाला, सातवा महिना, पायांत नवऱ्याचे बूट,
तिच्या फलकावर नुसता आकडा : २८.
एका वर्गात अठ्ठावीस मुलं, त्यावर एक नाही.

वकील म्हणाला, आकडा घ्या,
फक्त त्याच्याआधी एक शब्द राहू द्या.
बदल्यात जेवणाचा अर्धा तास,
पूर्ण तुमचा, मैदानावर राखणीला कुणी पाठवणार नाही.

मला भूक लागली होती. हे खरं कारण.
सतरा वर्षं मी सँडविच उभ्याने खाल्लं होतं,
दुसऱ्या हातात शिट्टी.
म्हटलं, घाला.

‘वर्गातील विद्यार्थिसंख्या शक्यतोवर
अठ्ठाविसापेक्षा अधिक नसावी.’
शब्द एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो.
मसुद्यात ‘नसेल’ होतं, त्याचं ‘नसावी’ कधी झालं
ते सही करतानाही कळलं नाही.

सकाळी टाळ्या झाल्या.
लोर्नाने मला मिठी मारली, मध्ये तिचं पोट.

पहिल्या वर्षी एकोणतीस.
एकच तर आहे, मीच म्हणालो.
मग तीस. मग संगीताचा वर्ग बंद, मग बत्तीस.
जुन्या स्वेटरच्या गळ्यासारखा तो शब्द,
एकदा डोकं आत गेलं की परत आवळत नाही.

आणि आज इन्केरी माकी, नोकरीचं पहिलं वर्ष,
खोली एकशे चौदा, चौतीस मुलं,
कराराची हिरवी पुस्तिका घेऊन माझ्या दारात.
त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ, दोनदा ओढलेली.
‘मिस्टर टॉर्गर्सन, ह्याचा अर्थ काय?’

अर्थ असा, की मुख्याध्यापिकेने
दोन फोन करायचे, एक उसासा टाकायचा,
आणि पोर तुझ्याकडेच पाठवायचं.
‘तक्रार अर्ज?’
भर. मी भरलेत सहा.
सहाही वेळा उत्तर एका शब्दाचं.
‘कुणी लिहिलं हे?’

जेवणाची घंटा झाली.
माझं सँडविच समोर, बशीत, मी खुर्चीत.
‘दमलेलं कुणीतरी,’ म्हणालो.
ती थांबली नाही, तिला वह्या तपासायच्या होत्या,
चौतीस वह्या, त्याच अर्ध्या तासात.
मी विकत घेतलेल्या त्या अर्ध्या तासात.
घास गिळला, पण कोरडा गेला.

तिच्या मागोमाग गेलो.
चौतिसावा कोल्टर, आईला इथल्या इस्पितळात काम मिळालं
म्हणून नोव्हेंबरात आलेला,
रेडिएटरच्या झाकणावर बसला होता, वही मांडीवर,
पँटीला मागून ऊब, पुढून खिडकीचा गारठा.
मला बघून विचारलं,
‘उद्या पण इथेच बसायचं का मी?’

शब्द जिभेवर आला होता.
पाठ झालाय, सवयीने येतो.
दातांत धरला.

तळघरात लेनीला विचारलं.
म्हणाला, बाक आहे एक, पाय सुटे आहेत,
आणि स्क्रू कुठे ते देव जाणे.

वाटाघाटी मार्चमध्ये.
ह्या वेळी बिस्किटं मी नेणार आहे, पोटभर,
आणि खोडरबर.
तोवर चार स्क्रू हवेत.