बिनखिडकीची चिप

सेलूच्या मोंढ्यामागं अफजल मिस्त्रींचं दुकान.
पत्र्याच्या डब्यात जांभळा दिवा,
वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, डोळे जातील.
आत चिप पुसायलीय
पाठीवरच्या इवल्या काचेतून.

पुसली की सगळीकडं एक, एक, एक.
लिहायचं म्हणजे
हवा तिथला एक मोडून शून्य करायचा.
शून्याचा एक परत होत नाही सुटा.
"एक चूक काढायची तर सगळंच पुसा,"
मिस्त्री म्हणतात, खिडकीवर पट्टी डकवतात,
बॉलपेननं तारीख.
उन्हात राहिली तर विसरते म्हणे हळूहळू.

काल जिनिंगचे मुनीम आले,
काट्याचं डोकं फडक्यात गुंडाळून.
क्विंटलमागं दीड किलो कमी दिसावं, बस.
चहा त्यांनीच सांगितला.

मिस्त्री चहा प्यायले.
मग खणातून काळी चिप काढली,
खिडकीच नसलेली.
तिच्यात खरं वजन भरलं.

"एकदाच लिहिता येते ही.
आता मलाही बदलायची नाही."

मुनीम कपातला गाळ बघत बसले.
मी तपासायला पाच किलोचं माप ठेवलं.
लाल आकडे थरथरले, थांबले:
पाच, टिंब, शून्य, शून्य.