गिरणीनंतर डावीकडे

धायरीत येऊन सहा महिने झाले.
किल्ली अजून उलटी फिरवतो मी,
जुन्या दाराच्या सवयीनं.

इस्त्रीवाले घोडेकर आता नाव विचारत नाहीत,
गठ्ठ्यात चिठ्ठी खोचतात:
‘तिसरा मजला, बटण तुटकं’.

डेअरी एक ते चार बंद.
शटरच्या फटीतून मांजर येतं-जातं,
पाटी त्याला लागू नाही.

शेजारच्या कुमुदताईंची फोडणी तडतडली
की मी इकडे भाताखालचा गॅस बंद करतो.
त्यांना हे माहीत नाही.

काल स्कूटर थांबवून एका मुलानं विचारलं,
“काका, नऱ्हेला कसं जायचं?”
आणि मी हात हलवत
पिंपळ, खड्डा, गिरणी, गिरणीनंतर डावीकडे...
सांगत राहिलो,
तो गेल्यावरही थोडा वेळ.