बिनतिकिटाची

कोकिळाला आता सुईचं नाक दिसत नाही.
दोरा मी ओवून देतो.
सकाळचा चहा झाला की वीस सुया ओवायच्या,
जुन्या उशीत ओळीनं खोचून ठेवायच्या,
मग दिवसभर मी मोकळा,
असं ठरलेलं आहे.
मोकळा होऊन जाणार कुठे?
चोपडा डेपोत आता ओळखीचा एक चहावालाच उरलाय.

ओट्यावर पातळ पसरलं की बोंडी येते.
कुठूनही येते,
दादरच्या पोत्यामागून, पाण्याच्या टाकीवरून,
सुकलालच्या बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवरून.
दुधाचं भांडं वाजलेलं तिला कळत नाही,
सुती कापड झटकलेलं कळतं.

चारी कोपरे हुंगते.
माझ्या खाकी शर्टाच्या तुकड्यावर थांबते,
खांद्याचा भाग तो,
पिशवीच्या पट्ट्यानं एकतीस वर्षं घासून घासून
दुधावरच्या सायीसारखा झालेला.
तिथेच पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं दाबत राहते,
कणीक मळावी तशी,
डोळे अर्धे मिटून.
आणि मग आडवी होते. बरोबर मध्यावर.

कोकिळा कडेनं निघते.
धावदोरा. एक फेरा, दुसरा, तिसरा,
कडेपासून आत, आत.
माझ्या डोक्यात आपोआप थांबे वाजतात:
अडावद, धानोरा, किनगाव, साकळी, यावल.
मांजराशी येऊन गाडी थांबते.

"उठाड ना तिले," मी म्हणतो.
"निजू दे."
"मग शिवणार कशी?"
"बाकीचं शिवते ना."

एकतीस वर्षांत बिनतिकिटाचा मी एक सोडला नाही.
लग्नाच्या वऱ्हाडातला नाही, पुढाऱ्याचा भाचा नाही,
एकदा तर सख्खा साडू फैजपूरला उतरवला,
अजून तो बोलत नाही.
आणि हिला हात लावायची माझी छाती होत नाही.
तुकड्यांत काय काय आहे, सगळ्यांनी काहीतरी दिलंय,
शाळेचा निळा फ्रॉक, फाटका टॉवेल, विहिणीचं जांभळं पातळ.
हिनं फक्त केस दिले. पांढरे.
ते धुतले तरी निघत नाहीत.

वैशाखात पत्रा तडतडतो,
केळीची पानं कडेनं करपतात,
माणसं ओल्या फडक्याखाली पडून असतात,
तेव्हाही ही चार पदरी गोधडीवरच.
अक्कल नाही म्हणावं तर
पौषात सातपुड्याकडून वारा सुटतो,
आणि आम्हीच तिच्या पायाशी जागा मागतो.

एक गंमत मात्र आहे.
गोधडी पुरी झाली, शेवटची गाठ बसली, घडी पडली,
की ती ढुंकून बघत नाही.
तिला चालू काम लागतं.
मलाही लागायचं.

ही गोधडी सुरतेला जायची होती, उधन्याला, नातीसाठी.
मध्यावर वीतभर जागा बिनटाक्याची राहिली,
फुगलेली, जरा वाकडी.
कोकिळा म्हणाली, अजून झालीच नाही ती,
पण थंडी काही थांबायची नाही, पाठवून द्या.
ड्रायव्हर ओळखीचा. सहा दहाची गाडी.
पहाटे पावणेसहाला पिशवी उचलली
तर पिशवी जड.
आत गोधडी, गोधडीच्या पोटात ती वाकडी जागा,
आणि त्या जागेत बोंडी,
नाक शेपटीखाली.

मी घड्याळ बघितलं.
कोकिळानं पिशवीत बघितलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली, "सकायनी गाडी शे ना."

डेपो आमच्या गल्लीपासून लांब नाही.
दोन घंटा ऐकू आल्या, मग इंजिन.
मी पायरीवर बसून होतो, मांडीवर पिशवी,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
गाडी वेळेवर सुटल्याचा मला राग आला नाही,
आनंदही नाही.
पिशवी घुरघुरत होती.