विकृतिमापी

परवानगीच्या अर्जात मी लिहिलं होतं,
'विकृतिमापी बसवण्यासाठी बोअर. खोली दोनशे दहा मीटर.'
वॉर्ड ऑफिसातल्या डबीरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला :
'विकृती? कुणाची?'
दगडाची, म्हटलं.
'मग ठीक,' म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

उत्तनच्या टेकाडावर,
बोंबलांच्या रिकाम्या वलांड्यांमागे,
तंगवेलूच्या रिगने अकरा दिवस बेसॉल्ट खाल्ला.
लाकडी पेट्यांत गाभे रचले : काळा, काळा, करडा, काळा,
मध्येच वीतभर तांबडी माती
दोन लाव्हांच्या मधली.
तंगवेलू त्यावर बोट ठेवून म्हणाला,
'इधर रुका था वो, थोडा टाइम.'
थोडा म्हणजे किती हजार वर्षं
ते मी त्याला सांगितलं नाही,
मलाही नक्की माहीत नव्हतं.

माझ्याहून उंच पोलादी नळी
फुगणाऱ्या सिमेंटात खाली सोडली.
इथून नागपूरपर्यंत दोरी ताणली
आणि ती एका मिलिमीटरने आखडली,
तर तिला कळतं.
पण पहिले पाच महिने
ती फक्त स्वतःच्या सिमेंटचं सुकणं मोजत बसली.
कुट्टी सर म्हणाले, नवीन माणसालाही वेळ लागतो.

मग समुद्र आला.
दिवसातून दोनदा रेषा फुगायची, ओसरायची.
भरतीचं पाणी खडकावर बसतं
आणि खडक दबतो,
अमावस्येच्या उधाणाला जास्त,
अष्टमीच्या भांगेला कमी.
फिलोमिनाला आलेख दाखवला. तिने
बोंबलाची टोपली कडेवरून खाली न ठेवता पाहिला.
'एवढं खोल जाऊन हेच आणलं?
मला विचारायचं होतं.'

ऑक्टोबरात रेषा उतरू लागली.
नऊ दिवस, न थांबता.
हैदराबादहून फोन, पुण्याहून फोन,
कुट्टी सर खुर्चीतच झोपायचे, बूट घालून.
मी घरी आईच्या पलंगावरचं
औषधांचं कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं.
ती म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हटलं, ओल आहे.

उतारात बारीक दाते होते,
करवतीसारखे. संध्याकाळी सुरू,
पहाटे तीनला बंद.
भूकंपाला असं वेळापत्रक नसतं.
बॅटरी घेऊन टेकाड उतरलो :
तीन विहिरी, तीन पंप, टँकरांची रांग,
मीरा रोडच्या टॉवरांसाठी.
पाणी गेलं की खडकही आत आत बसतो.
धनराज नावाचा पोरगेला ड्रायव्हर
पाइप हातात धरून ऐकत राहिला.
'म्हणजे आम्ही उपसतो ते मशीनला समजतं?'
समजतं.
'आणि कोणाचं नाव लिहितं?'
नाव नाही लिहीत.
मग त्याने कॉक पुन्हा उघडला.

लोक विचारतात, कधी येणार?
रिक्षावाले, मेव्हणे, एकदा तर दाताचे डॉक्टर,
माझं तोंड उघडं असताना.
तेव्हाचं उत्तरच
आजवरचं माझं सगळ्यात प्रामाणिक उत्तर.

डहाणूकडून आला तो फेब्रुवारीत,
रात्री दोन एकेचाळीसला.
टेबलावरच्या चहाच्या साईला सुरकुती पडली नाही.
खाली कुत्री झोपलेली.
पडद्यावर रेषा अंगभर शहारली,
पाऊण मिनिट,
मग शांत झाली, पुन्हा भरती मोजू लागली.

फक्त, होती तिथे परतली नाही.
अडीच नॅनो बाजूला.
आठवडाभर वाट पाहिली,
विहिरी तपासल्या, हवेचा दाब वजा केला,
उधाण वजा केलं. अडीच तसेच.
परवा डबीरबाईंकडे नूतनीकरणाचा फॉर्म भरला.
'उपकरण चालू आहे काय?' होय.
'नुकसान?' निरंक.
त्या अडीचसाठी रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीने लिहिले,
बाईंनी पाहिले,
आणि खोडले नाहीत.