निऱ्यांमधली राख

तेल्मोची गाडी दोन माणसांची,
तिसऱ्यानं नुसता हेवा करायचा.
आज ती माझ्या अंगणात, बॉनेट उघडं,
आणि मी, जन्मभर कॉर्कच्या साली सोलणारा,
चष्मा कपाळावर.

चार क्लिपा. तीन मुकाट सुटल्या,
चौथीनं माझाच अंगठा सोलला.
एक स्क्रू निसटला इंजिनाच्या पोटात,
दोऱ्याला चुंबक बांधून
विहिरीत पडलेली बादली काढावी तसा काढला.

मग जुना फिल्टर हातात आला.
कागदाच्या निऱ्या, निरीनिरीत राख,
निलगिरीच्या पानाचं जळकं टोक,
मधमाशीचा एक पंख.

ऑगस्टात मोंशीकचा डोंगर पेटला त्या रात्री
पोरगा म्हणाला होता, साग्रेशला होतो, समुद्रावर.
समुद्राला राख नसते.

वरच्या वळणावरच्या म्हाताऱ्या झुल्मिराला
कुणी खाली आणलं,
गावाला अजून ठाऊक नाही.
ती एवढंच सांगते:
लाल काहीतरी होतं,
बसायला फार खाली वाकावं लागलं.

नवा फिल्टर पांढराशुभ्र. खटकन बसला.
जुना मी पायरीवर झटकला नाही.
"झालं का, बाबा?" आतून हाक.
"झालं," म्हटलं. "धूळ होती जराशी."