शेवटचा शब्द

पुंता अरेनासचा वारा
माणसाला तिरकंच चालवतो.
एउलालिया वेनचुमान दातांत टॉर्च धरून
रडारच्या पोटात शिरते.

परवा पडदा अकरा सेकंद कोरा होता.
नियंत्रकानं तेवढ्यात दोन विमानं
कागदी पट्ट्यांवर बोटांखाली दाबून धरली,
आवाज जराही हलू न देता;
कॉफी सांडली ती नंतर.
अहवालात एकच ओळ: दोष आढळला नाही.

ती स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावते,
मूठ कानाला.
एक फेरी. दुसरी. काहीच नाही.
बोटं बधिर. सातव्या फेरीला
घासात खडा यावा तसं
काहीतरी कचकन.

अजून एकदा ऐकते. मग
खाली उतरून, हातमोजे न काढताच,
त्या ओळीतला शेवटचा शब्द खोडते.